पूर्णांक प्रकाराची निवड (मायक्रोकंट्रोलर)

मायक्रोकंट्रोलरच्या आज्ञावलीत प्रत्येक चलासाठी योग्य रुंदीचा पूर्णांक ठरवणे म्हणजे पूर्णांक प्रकाराची निवड होय. ८ बिटांच्या चिन्हविरहित चलात ० ते २५५, तर १६ बिटांच्या चलात ० ते ६५,५३५ या संख्या मावतात. मोजणी २५५ च्या पुढे गेली की ८-बिट चल पुन्हा शून्यापासून सुरू होतो. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेची ७४१ किलोमीटर लांबी त्यात साठवल्यास केवळ २२९ उरतात. तेथे १६ बिट आवश्यक ठरतात.

एटीमेगा३२८पी या ८-बिट मायक्रोकंट्रोलरमध्ये रॅम अवघी २ किलोबाइट असल्याने लहान प्रकार जागा व वेळ दोन्ही वाचवतो. ३२-बिट कॉर्टेक्स-एममध्ये मात्र लहान स्थानिक चलाचे वरचे बिट शून्य करण्यासाठी जादा सूचना लागू शकते. म्हणूनच सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात निश्चित रुंदीच्या प्रकारांसोबत किमान रुंदीचे जलद प्रकारही दिले आहेत.