व्हिक्टोरिया ड्रमंडचं पदक

इतिहासाच्या तासाला मी पुस्तकाखाली बीजगणिताची वही लपवून बसायचे. बाईंनी दोनदा पकडलंही होतं. तेव्हा हा लेख म्हणजे उशिरा दिलेला गृहपाठ समजावा.

व्हिक्टोरिया ड्रमंडचा जन्म १८९४चा, स्कॉटलंडमधल्या सरदार घराण्यातला. खुद्द राणी व्हिक्टोरिया तिची धर्ममाता. तरी ही मुलगी आधी गॅरेजमध्ये आणि मग डंडीच्या जहाजकारखान्यात उमेदवारी करून १९२२ साली व्यापारी जहाजावर इंजिनिअर म्हणून रुजू झाली. १९२६ साली सेकंड इंजिनिअरची परीक्षा पास झाली. पुढची, चीफची परीक्षा मात्र ब्रिटिश परीक्षकांनी तिला तीसहून जास्त वेळा नापास केली. आपण बाई आहोत म्हणूनच, याबद्दल तिला शंका नव्हती. (मला एकदा केटी लागली तर मी दोन दिवस धड जेवले नव्हते.) शेवटी तिने ते प्रमाणपत्र पनामाकडून मिळवलं.

२५ ऑगस्ट १९४०. पनामाचा झेंडा लावलेलं ‘बोनिटा’ भर अटलांटिकमध्ये असताना जर्मन विमानाने बॉम्ब टाकायला सुरुवात केली. पहिल्याच धक्क्याने सेकंड इंजिनिअर ड्रमंड यंत्राच्या दांड्यांवर आदळली. इंजिन रूममध्ये फुटलेल्या नळातून वाफ सुटली की माणूस भाजून निघतो. तिने सगळ्यांना वर पाठवलं आणि स्वतः एकटी खाली थांबली. डोक्यावरच्या मुख्य पाइपचा सांधा सुटू लागला होता. विमान जवळ आल्याचा आवाज आला की ती वाफ कमी करायची, म्हणजे हादऱ्याने पाइप फुटू नये. बॉम्ब पडून गेला की पुन्हा वाढवायची. एरवी ९ नॉटच्या पुढे न जाणारं जहाज तिने साडेबारा नॉटवर नेलं, म्हणूनच कप्तानाला वळणं घेत बॉम्ब चुकवता आले. हे सुमारे ३५ मिनिटं चाललं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की आमची टीम कशी धावपळ करते ते मी रोज पाहते, त्यामुळे त्या कानांचं मला फार कौतुक वाटतं.

१९४१ साली तिला एमबीई आणि लॉइड्सचं ‘समुद्रावरील शौर्याचं युद्धपदक’ मिळालं. चीफचं प्रमाणपत्र मात्र पनामाचंच राहिलं. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ती जहाजांवरच होती.

बाई, तपासून द्याल ना?