पॅरानोइया : रोग आणि शेरा

एखाद्या कामगाराने मालकाच्या हेतूविषयी शंका काढली, की ‘याला पॅरानोइया झाला आहे’ असे म्हणून त्याला गप्प बसवण्याची सोय हल्ली झाली आहे. वाटाघाटींत हा शेरा आम्ही इतक्यांदा ऐकला, की अखेर त्या शब्दाच्या मागे लागणे भाग पडले.

शब्द ग्रीक. ‘पारा’ म्हणजे बाजूला, ‘नूस’ म्हणजे मन. मन वाटेवरून ढळणे, साधे वेड, एवढाच त्याचा जुना अर्थ. त्याला नेमकेपणा दिला तो एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टराने. बोलणे सुसंगत, बाकीची बुद्धी शाबूत, पण एकच भ्रम मूळ धरून सारे आयुष्य व्यापतो, असा तो रोग. आपल्याकडचा ‘संशयपिशाच्च’ हा शब्द आम्हाला याहून बोलका वाटतो. डॉक्टर आता बहुधा ‘भ्रमविकार’ म्हणतात. जुने नाव उरले ते आपल्यासारख्यांच्या तोंडी.

हे नाव रूढ होण्यापूर्वीची एक हकिगत आहे. डॅनियल मॅकनॉटन हा ग्लासगोचा कातारी. टोरी पक्षाचे हेर आपल्या पाळतीवर आहेत, असे त्याने मनाशी घट्ट धरले होते. २० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये त्याने पंतप्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ते पाच दिवसांनी वारले. वेडाच्या मुद्द्यावर तो निर्दोष सुटला, पण उरलेली बावीस वर्षे त्याने वेड्यांच्या इस्पितळांतच काढली. त्या खटल्यातून निघालेल्या नियमांची छाया आपल्या १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात पडली, आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती आहे.

मॅकनॉटनचे समाधान कोणत्याही पुराव्याने झाले नसते. रोगाची खूण ती हीच; नुसता संशय घेणे ही नव्हे.

त्याच ब्रिटनमध्ये पुढे बांधकाम कामगार म्हणत, की संघटनेचे काम केले म्हणून आपल्याला कोठेच काम मिळत नाही, कोठेतरी काळी यादी आहे. ती होती. फेब्रुवारी २००९ मध्ये माहिती आयुक्तांच्या माणसांनी ड्रॉइटविच येथील एका कचेरीवर छापा घातला, तेव्हा ३,२१३ जणांच्या नोंदी हाती लागल्या. कोण संघटनेत आहे, कोणी कामावरच्या धोक्यांबद्दल तक्रार केली, सारे टिपलेले; आणि चाळीसवर कंपन्या पैसे मोजून नावे तपासून घेत. कामगारांनी आपापली पाने मागवली, दावे लावले. २०१६ साली बड्या कंपन्यांनी न्यायालयात माफी मागितली आणि भरपाई दिली.