सातबाऱ्यावर नसलेलं झाड

गेल्या मे महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या घरासमोर पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. पावसात अंगण शेवाळतं, म्हातारी माणसं घसरतात, आणि शेणाने सारवायला आता घरात कोणी राहत नाही. निर्णयात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. अडचण एकच होती, गडग्याला लागून उभ्या असलेल्या क्रोटनच्या ओळीची. काका म्हणाले, "आंब्याचं कलम असतं तर गोष्ट वेगळी. ह्याचा उपयोग काय?"

मला उत्तर सुचलं नाही. निदान हे झाड इथवर आलं कसं एवढं तरी सांगता यावं, म्हणून शोधायला बसलो.

पहिली गंमत नावातच निघाली. आपण ज्याला क्रोटन म्हणतो तो क्रोटन नव्हेच. खऱ्या क्रोटन कुळातलं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे जमालगोटा. त्याच्या बियांचं रेचक किती जालीम असतं ते जुनी माणसं सांगतील. लिनियसने १७५३ साली या रंगीत पानांच्या झाडालाही त्याच कप्प्यात टाकलं. पुढे चूक दुरुस्त झाली आणि शास्त्रीय नाव 'कोडिएम व्हेरिगेटम' झालं, पण तोवर माळ्यांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं. एकदा वापरात गेलेलं चुकीचं नाव बदलता येत नाही, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

हे 'कोडिएम' आलं ते रुम्फियसकडून. जन्माने जर्मन असलेला हा माणूस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मोलुक्कस बेटांपैकी आंबोनवर राहिला आणि तिथल्या झाडापेडांची नोंद करत बसला. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली. १६८७ च्या आगीत चित्रं जळाली. पुन्हा सगळं उभं करून हस्तलिखित हॉलंडला रवाना केलं, तर १६९२ मध्ये फ्रेंचांनी ते जहाजच बुडवलं. नक्कल ठेवली होती म्हणून ग्रंथ वाचला. ती पोहोचल्यावर कंपनीने छापू दिली नाही, कारण मसाल्याच्या बेटांची माहिती परक्यांच्या हाती पडायला नको होती. रुम्फियस १७०२ मध्ये वारला; ग्रंथ बाहेर पडू लागला १७४१ मध्ये. अंगणातल्या एका बिनकामाच्या झाडाच्या नावामागे एवढं सगळं असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी लंडनच्या व्हीच घराण्याने या झाडाचा धंदा केला. दरम्यान वॉर्ड नावाच्या डॉक्टरने काचेच्या बंद पेटीत रोपं महिनोन्‌महिने जगतात हे दाखवून दिलं होतं. १८३३ मध्ये निघालेल्या अशा पेट्या जहाजाने सिडनीपर्यंत जाऊन आल्या. खारा वारा लागत नाही, गोडं पाणी घालावं लागत नाही, पेटीतलाच ओलावा पुन्हा पुन्हा फिरतो. १८६४ मध्ये जॉन गूल्ड व्हीच दक्षिण समुद्रातल्या बेटांकडे निघाला तेव्हा पंचविशीचा होता, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान. क्रोटनचे कितीतरी प्रकार त्याने आणले आणि तिकडच्या श्रीमंतांच्या काचघरांत पानांचं वेड शिरलं. तो स्वतः १८७० मध्ये क्षयाने गेला, एकतिसाव्या वर्षी.

काचघर लागायचं ते तिकडे. पारा दहा अंशांखाली गेला की क्रोटन पानं टाकतो. आपल्या किनाऱ्यावर त्याला असलं काही सोसावं लागत नाही. भरपूर ऊन, दमट हवा आणि निचऱ्याची जांभी माती एवढ्यावर तो बारा महिने रंगलेला असतो. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली, पुण्याजवळ गणेशखिंडीची वनस्पतीबाग १८७३ मध्ये निघाली. असल्या बागांमधून, साहेबांच्या बंगल्यांतून आणि त्या बंगल्यांवरच्या माळ्यांच्या हातांतून शोभेची झाडं गावोगाव पाझरली.

आमच्या घरापुरता पुरावा म्हणजे आजीची आठवण. तिच्या सासऱ्यांनी मुंबईहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी आणली होती. त्या काळी चाकरमानी बोटीने यायचे. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून येणं मे महिन्यात; आणि पाऊस तोंडावर असताना खोचलेली काडी लागतेच. साल आजीला आठवत नाही. पुढे त्याच झाडाच्या फांद्या शेजारी गेल्या, आत्याच्या सासरी गेल्या, शाळेच्या फाटकाशी गेल्या. देणाऱ्या-घेणाऱ्या बहुतेक बायकाच. विकत कोणी घेतला नाही, त्यामुळे पावतीही नाही.

हेच मला सगळ्यात खटकलं. याच गावात पूर्वेकडून आलेला दुसरा एक पाहुणा होता, ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणलं, १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्यावर फायली आहेत, पुस्तकं आहेत, त्याचा वाडा लोक अजून बघायला येतात. आंब्याचंही तसंच. कलमांची नोंद सातबाऱ्यावर होते, हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. राजापासून सरकारला धोका असतो आणि आंब्यापासून पैसा, म्हणून दोघांचा इतिहास लिहिला जातो. क्रोटन देवाला वाहत नाहीत, माणूस खात नाही, त्याच्या चिकाने हाताला खाज सुटते आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. भात कापून झाल्यावर गुरं मोकळी सुटत, तेव्हा अंगणाच्या कडेला टिकून राहिला तो त्यामुळेच. पण 'गुरं खात नाहीत' ही काही दप्तरी नोंद करण्यासारखी गोष्ट नव्हे.

तरी एक पुरावा झाडातच आहे. काडीपासून लावलेलं झाड हे मूळ झाडाचं पोर नसतं. ते मूळ झाडच असतं, दुसऱ्या मातीत पुढे चालू राहिलेलं. म्हणजे पणजोबांच्या फडक्यातली काडी ज्या झाडाची होती, तेच झाड आमच्या गडग्याशी उभं आहे, आणि आत्याच्या दारातही तेच. हापूसचंही असंच असतं, पण त्याचं आपण कौतुक करतो.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुझ्याकडे घेऊन जा." त्यांचंही बरोबर होतं.

जूनमध्ये दोन फांद्यांवर गुटी बांधली. सालीचा बोटभर पट्टा कडेने सोलायचा, ओलं शेवाळ लावायचं, वर प्लास्टिक घट्ट आवळायचं. हे मला आजीने खुर्चीत बसून सांगितलं, आणि मी दोरा सैल बांधला म्हणून दोनदा सोडायला लावला. महिन्याभरात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली. एक कुंडी काकांनी स्वतःहून पायरीशी ठेवून घेतली. दुसरी मी पुण्याला बाल्कनीत आणली. जागा बदलली की क्रोटन रुसतो. आठवड्यात अकरा पानं गळली. मी आजीला फोन केला. ती म्हणाली, "पाणी जास्त घालू नकोस आणि सारखा हलवू नकोस."

गणपतीच्या सुमारास शेंड्याला दोन नवी पानं आली. दोन्ही हिरवी आहेत. रंग नंतर चढतो.