इंजिन बेसाठी क्लीनर कसा निवडायचा? बाटली घेण्याआधी हे दोन आकडे बघा

बॉनेट उघडल्यावर दिसणारा तो काळा, चिकट थर काढायला नेमकं काय वापरायचं, हा प्रश्न मला मित्र दर उन्हाळ्यात विचारतात. ऑनलाइन शोधलं की ढीगभर बाटल्या समोर येतात. सगळ्यांवर 'इंजिन डिग्रीझर' लिहिलेलं, सगळ्यांना चार-साडेचार स्टार. नागपुरातल्या आमच्या मेकॅनिकचं उत्तर त्याहून सोपं असतं : "भाऊ, घासलेट मारा अन् पाण्यानं धुऊन टाका, काई होत नाई."

होतं. काय होतं ते पुढे सांगतो.

आधी हे बघा की तुम्हाला डिग्रीझर लागणार आहे का. बॉनेटखालच्या जागेत दोन प्रकारची घाण असते. एक नुसती धूळ. आपल्याकडे तिची कमी नाही, आणि कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहत असाल तर वर वीज केंद्राची राखही असते. ही ओल्या मायक्रोफायबर कपड्याने आणि मऊ ब्रशने निघते, त्यासाठी वेगळा पैसा घालवू नका. दुसरी म्हणजे तेलात कालवलेली धूळ. तिला डिग्रीझर लागतो. पण तेल आलंय म्हणजे ते कुठूनतरी गळतंय. म्हणून साफ करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आठवड्याने त्याच जागेचा परत काढा. नवा ओला डाग दिसला तर खर्च क्लीनरवर नाही, गॅस्केटवर करायचाय.

आता ते दोन आकडे

केमिकल विकणाऱ्या चांगल्या कंपन्या प्रत्येक उत्पादनाची 'सेफ्टी डेटा शीट' देतात. उत्पादनाचं नाव आणि पुढे 'एसडीएस' असं सर्च केलं की बहुतेक वेळा पीडीएफ मिळते. तिच्यात १६ भाग असतात, आपल्याला नववा हवा. तिथे पीएच आणि फ्लॅश पॉइंट लिहिलेले असतात. शीटच सापडत नसेल तर मी ती बाटली घेत नाही, रेटिंग काहीही असो.

पीएच ७ म्हणजे उदासीन, त्याच्या वर अल्कली. ही मोजपट्टी सरळ नाही : प्रत्येक अंकाला दहापट फरक पडतो. म्हणजे १३ पीएचचा क्लीनर १० वाल्यापेक्षा हजारपट अल्कलीयुक्त. इंजिनमध्ये सिलिंडर हेड, अल्टरनेटरचं कव्हर असे बरेच भाग अॅल्युमिनियमचे असतात. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो. कडक अल्कली तो थर विरघळवते आणि खालचा धातूही खायला लागते. मग जे पांढुरके-करडे डाग पडतात ते पुन्हा धुऊन जात नाहीत. "पाणी घालून वापरू ना" असं कुणी म्हणेल, पण दहापट पाणी घातलं तरी कडक अल्कलीचा पीएच साधारण एकच अंक खाली येतो, १३ चा १२. म्हणून मी १० च्या आतलाच घेतो. घासायला थोडा वेळ जास्त लागतो, चालतं.

बाथरूमचं अॅसिड तर बॉनेटजवळही आणू नका.

फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असं सर्वांत कमी तापमान. घासलेटचा तो साधारण ३८ अंशांच्या आसपास असतो. आता मे महिन्यातलं नागपूर आठवा, ४५ अंश. म्हणजे घासलेट नुसत्या हवेनेच त्या तापमानापुढे गेलेलं असतं, आणि बाजूला गरम एक्झॉस्ट आणि बॅटरीची टर्मिनल्स. पेट्रोलबद्दल तर बोलायलाच नको. शिवाय कूलंटचे होज पाइप बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर पेट्रोलियमजन्य तेलात फुगतं आणि मऊ पडतं. पाइप त्या दिवशी फुटणार नाही, नंतर कधीतरी हायवेवर फुटेल.

त्यामुळे रोजच्या गाडीसाठी पाण्यावर आधारित, सौम्य पीएचचा डिग्रीझर. सॉल्व्हंटवाला फक्त जुनाट, डांबरासारख्या थरासाठी, तोही थंड इंजिनवर, ब्रशने, धातूपुरता. आणि स्प्रे कॅन गाडीत ठेवू नका. त्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असा इशारा असतो, आणि उन्हातली बंद गाडी ते सहज ओलांडते.

डब्ल्यूडी-४० ने पुसणारेही भेटतात. त्यातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणारा. तो मागे तेलकट थर ठेवतो, धूळ आणखी चिकटते.

पाण्याचं काय?

इथे माझा स्वतःचा अनुभव. एका वॉशिंग सेंटरवर मी प्रेशर गनने इंजिन धुऊन घेतलं. गाडी चकाचक. दुसऱ्या दिवशी सकाळी झटके आणि चेक इंजिनचा दिवा. ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर लावून मोबाइलवर कोड वाचला : पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. कॉइल काढली तर स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी. हवा मारून वाळवलं, दिवा गेला, पण ऑफिसचा अर्धा दिवस गेला.

गंमत म्हणजे आपण फोनचं आयपी६७ बघूनच घेतो. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. जोराच्या झोताची चाचणी वेगळीच असते, आणि गाडीतला प्रत्येक कनेक्टर ती पास झालेला नसतो. वर्षं झाली की त्यांचे रबर सीलही कडक होतात.

म्हणून सकाळी सहा-सातला, इंजिन पूर्ण थंड असताना काम करा. ऊन वाढलं की क्लीनर जागेवरच वाळतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, एअर इनटेक, कॉइल्स प्लास्टिकने झाका. क्लीनर ब्रशवर घ्या, ओल्या कपड्याने पुसत जा. बोअरचं पाणी वापरलं तर कूलरच्या जाळीवर बसतो तसला पांढरा क्षार इथेही बसतो. शेवटचा हात एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा मारा, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

चमक आणणारा सिलिकॉन स्प्रे मी टाळतो. सिलिकॉनची वाफ इनटेकमधून आत गेली तर ऑक्सिजन सेन्सर खराब करू शकते, आणि बॉनेटखाली बघणार कोण?

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर यातलं फक्त ओलसर कपड्यापर्यंतचं करा. नारिंगी केबल दिसली की तिथे हात लावू नका, ती हाय व्होल्टेजची असते.