डेटा सेंटरसाठी फॅन-आउट फायबर केबल निवडताना...

डेटा सेंटरमध्ये जागा महाग असते. १९ इंची रॅकमधील एका ‘यू’ची उंची अवघी ४४.४५ मिलिमीटर. तेवढ्याच उंचीच्या स्विचमध्ये १०० गिगाबिट वेगाचे ३२ पोर्ट बसवलेले असतात. प्रत्येक पोर्ट २५ गिगाबिटच्या चार जोडण्यांत विभागला, तर या एका स्विचमधून १२८ जोडण्या निघतात. त्यासाठी २५६ फायबर लागतात. ते एकेक करून ओढायचे म्हटले, तर रॅकची दारे लागणार नाहीत आणि थंड हवेचा मार्गही अडेल. हा प्रश्न फॅन-आउट केबल सोडवते. तिलाच ब्रेकआउट किंवा हार्नेस केबल असेही म्हणतात.

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तेथे काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या रोजच्या व्यवहारातली ही वस्तू. मात्र ती कारखान्यातच टोके बसवून येते व जागेवर सहसा दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे मागणीपत्रातील एका चुकीपायी संपूर्ण खेप परत पाठवण्याची वेळ येऊ शकते.

रचना कशी असते?

या केबलच्या एका टोकाला एमपीओ कनेक्टर असतो. त्यातील आयताकृती एमटी फेरूल जपानच्या ‘एनटीटी’ने १९८०च्या दशकात विकसित केला. त्यात १२ फायबर एका ओळीत, एकमेकांपासून ०.२५ मिलिमीटर अंतरावर बसतात. ‘एमटीपी’ हे ‘यूएस कोनेक’ या अमेरिकी कंपनीच्या एमपीओ-सुसंगत कनेक्टरचे व्यापारी नाव आहे. केबलच्या दुसऱ्या टोकाला शाखा फुटतात व प्रत्येक शाखेवर एलसी कनेक्टरची जोडी असते. एलसीच्या फेरूलचा व्यास १.२५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या एससी कनेक्टरच्या निम्मा असतो.

आधी ट्रान्सीव्हर पाहा

केबलची चौकशी करण्यापूर्वी पोर्टमधील ट्रान्सीव्हर कोणता, हे पाहणे आवश्यक ठरते. ४०जी-एसआर४, १००जी-एसआर४ व ४००जी-डीआर४ हे प्रकार चार स्वतंत्र मार्गांवर, म्हणजे आठ फायबरवर काम करतात. त्यामुळे त्यांची विभागणी शक्य होते. एलआर४ किंवा सीडब्ल्यूडीएम४ ट्रान्सीव्हर मात्र चार तरंगलांबीचे प्रकाशझोत एकाच फायबरमधून पाठवतात. त्यांना फॅन-आउट केबल लावून उपयोग नाही. शिवाय स्विचच्या त्या पोर्टला विभागणीची मुभा आहे का, हेही पाहावे लागते. काही स्विचमध्ये एक पोर्ट विभागला की शेजारचा बंद होतो.

आठ की बारा?

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. एसआर४ ट्रान्सीव्हर १२ फायबरच्या कनेक्टरमधील पहिले चार फायबर पाठवण्यासाठी व शेवटचे चार स्वीकारण्यासाठी वापरतो. मधले चार रिकामे राहतात. म्हणजे जोड्या १-१२, २-११, ३-१० आणि ४-९ अशा लागायला हव्यात. त्यासाठी चार एलसी जोड्यांची, आठ फायबरची केबल हवी.

बाजारात सहा एलसी जोड्यांची १२ फायबरची केबलही मिळते. तिच्यात जोड्या सामान्यतः १-२, ३-४, ५-६ अशा क्रमाने असतात. पॅच पॅनेलमागच्या कायमस्वरूपी वायरिंगसाठी ती योग्य आहे. पण तीच एसआर४ पोर्टला लावली, तर एका जोडीत दोन्ही फायबर पाठवणारे येतात आणि जोडणी सुरूच होत नाही. दोन्ही केबल बाहेरून जवळपास सारख्या दिसतात. म्हणून मागणीपत्रात केवळ ‘एमपीओ ते एलसी’ असे न लिहिता फायबरची संख्या व जोड्यांचा क्रम नमूद करणे श्रेयस्कर.

पोलॅरिटी आणि पिना

एका टोकाचा पाठवणारा फायबर दुसऱ्या टोकाच्या स्वीकारणाऱ्यासमोर यावा, या व्यवस्थेला पोलॅरिटी म्हणतात. ‘ए’ प्रकारच्या ट्रंक केबलमध्ये पहिला फायबर दुसऱ्या टोकालाही पहिलाच राहतो. ‘बी’ प्रकारात तो बाराव्या जागी जातो. ‘सी’ प्रकारात शेजारच्या जोडीतील दोघांची अदलाबदल होते. फॅन-आउट केबल थेट ट्रान्सीव्हरला न लावता मध्ये ट्रंक असेल, तर तिचा प्रकार माहीत असल्याशिवाय खरेदी करू नये. संपूर्ण इमारतीसाठी एकच पद्धत ठरवून ती कागदावर नोंदवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

एमपीओचे पिनांसह व पिनांविना असे दोन प्रकार असतात. ट्रान्सीव्हरच्या आत पिना असतात. म्हणून त्याला लागणारे टोक बिनपिनांचे हवे. दोन पिनांची टोके एकमेकांवर दाबली, तर फेरूलला इजा होण्याचा संभव असतो. दोन्ही बिनपिनांची असतील, तर ती जुळतील खरी, पण फायबर नेमके समोरासमोर येण्याची खात्री नाही.

डेसिबलचा हिशेब

केबलच्या दर्जाचा निर्णय प्रकाशाच्या हानीवर ठरतो. १००जी-एसआर४ साठी ओएम४ फायबरवर १०० मीटर अंतरापर्यंत एकूण १.९ डेसिबल हानी चालते. १०० मीटर फायबरची हानी सुमारे ०.३ डेसिबल. प्रत्येक जोडावर प्रमाणित कमाल मर्यादा ०.७५ डेसिबल आहे. मार्गात असे दोन जोड असतील, तर हिशेब १.८ वर थांबतो. तिसरा जोड आला की तो २.५५ होतो, म्हणजे मर्यादेबाहेर जातो. ‘लो-लॉस’ प्रकारात ही हानी सहसा ०.३५ डेसिबलपर्यंत असते. त्या दर्जाचे चार जोड घेतले तरी बेरीज १.७ होते. पॅनेलमधून जाणाऱ्या मार्गासाठी त्यामुळे थोडा जादा खर्च सार्थकी लागतो. स्विचपासून त्याच रॅकमधील सर्व्हरपर्यंत थेट जाणाऱ्या केबलसाठी त्याची तितकी गरज नसते.

फायबरचा प्रकार व रंग

ओएम३ फायबरवर ४०जी-एसआर४ साठी १०० मीटर, तर १००जी-एसआर४ साठी ७० मीटर अंतर ग्राह्य आहे. ओएम४ वर हेच आकडे १५० व १०० मीटर होतात. ओएम५ महाग आहे. एसआर४ साठी मात्र त्यावर ओएम४ पेक्षा अधिक अंतर मिळत नाही. ओएम३ आणि ओएम४ केबल हिरवट-निळ्या, ओएम५ पोपटी व सिंगलमोड पिवळ्या रंगाची असते. काही उत्पादक ओएम४ जांभळट रंगात देतात. रंगावर विसंबण्यापेक्षा केबलवर छापलेला मजकूर वाचणे अधिक सुरक्षित.

४००जी-डीआर४ सिंगलमोड असून त्याची मर्यादा ५०० मीटर आहे. त्याचा एमपीओ कनेक्टर आठ अंशांत तिरका घासलेला, म्हणजे एपीसी प्रकारचा असतो. तिरक्या टोकासमोर सपाट टोक लावू नये. प्रकाशाची मोठी हानी होते. ४००जी-एसआर८ साठी तर १६ फायबरचा वेगळाच कनेक्टर लागतो. १२ फायबरची केबल तेथे चालत नाही.

लांबी, वळण आणि आवरण

केबलची एकूण लांबी आणि शाखांची लांबी हे दोन वेगळे आकडे आहेत. शाखा आखूड पडल्या, तर टोकाच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाहीत. लांब झाल्या, तर रॅकमध्ये गुंता होतो. सर्व्हर वर-खाली असतील, तर टप्प्याटप्प्याने वाढत्या लांबीच्या शाखा मागवता येतात. शाखा साधारणतः दोन मिलिमीटर जाडीच्या असतात. सिंगलमोडमध्ये जी.६५७.ए१ फायबर १० मिलिमीटर व ए२ फायबर ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सहन करते. तरीही केबलच्या जाडीच्या किमान दहापट त्रिज्या राखावी, हा संकेत पाळलेला बरा. बंदिस्त दालनात आग लागल्यास धूर व विषारी वायू कमी व्हावेत म्हणून ‘एलएसझेडएच’ आवरण निवडावे.

केबल हाती आल्यावर

प्रत्येक केबलसोबत हानीच्या चाचणीचा अहवाल घ्यावा. नव्या केबलची टोकेही स्वच्छ असतीलच असे नाही. एमपीओच्या एका टोकावरील धुळीचा कण दोन-तीन फायबर निकामी करू शकतो. म्हणून टोक आधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे, गरज असल्यास साफ करून पुन्हा तपासावे आणि मगच जोडावे. शाखांवरील क्रमांक टिकाऊ आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे. चारपैकी एक जोडणी बंद पडली आणि शाखांवर क्रमांक नसला, तर बिघाड शोधताना चालू असलेली जोडणी हाताला लागते. मग एकाऐवजी दोन सर्व्हर बंद होतात.

ट्रान्सीव्हरचा प्रकार, फायबरची संख्या, जोड्यांचा क्रम, पोलॅरिटी, पिना, टोकाची घासाई, हानीची मर्यादा, दोन्ही लांब्या आणि आवरण या नऊ बाबी मागणीपत्रात स्पष्ट असतील, तर चुकीची केबल येण्याची शक्यता फारशी उरत नाही.