औषधाच्या दुकानातले गाणे

लोकप्रिय गायकांचा इतिहास सांगताना आम्ही बहुधा खपाचे आकडे मोजतो आणि खप ओसरला की थांबतो. ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या गायिकेच्या बाबतीत असे केले, तर तिच्या आयुष्याचा मोलाचा भाग सांगायचा राहूनच जाईल.

१९४८ साली इंग्लंडात केंब्रिज येथे ती जन्मली व बालपणीच मेलबर्नला गेली. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवणारे माक्स बोर्न हे तिचे आजोबा. १९७८ च्या ‘ग्रीस’ चित्रपटाने तिची कीर्ती जगभर पसरली. १९८१ साली तिचे ‘फिजिकल’ हे गीत अमेरिकेत सलग अग्रस्थानी पोचले व तेथे १० आठवडे राहिले. त्या गीताच्या चित्रफितीत ती व्यायामशाळेत दिसते. पुढे अकराच वर्षांनी, १९९२ मध्ये, तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याच सुमारास वडीलही वारले.

पहिल्या तपासणीत हा रोग सापडला नव्हता. पण गाठ तिच्या हाताला लागली होती. तिने पुढील तपासणीचा आग्रह धरला, म्हणून वेळीच उपचार झाले. आजवर बहुतांशी इतरांची गीते गाणाऱ्या या बाईने १९९४ च्या ‘गाया’ या संग्रहातील सारी गीते स्वतः रचली.

२००६ साली ‘ग्रेस अँड ग्रॅटिट्यूड’ हा संग्रह आला, तेव्हा ती साठीकडे झुकली होती. एमी स्काय ही त्याची निर्माती. बायबलमधील स्तोत्र, संत फ्रान्सिसच्या नावे चालत आलेली प्रार्थना आणि प्रज्ञापारमितेचा ‘गते गते’ हा संस्कृत मंत्र यांना त्यात शेजारी शेजारी जागा मिळाली. विशेष म्हणजे तो अमेरिकेत ‘वॉलग्रीन्स’ या औषधांच्या दुकानांतून विकला गेला.

यात व्यापार होता, हे उघड आहे. गाण्याने कर्करोग बरा होत नाही, हेही आम्हांस मान्य आहे. तिने स्वतः शस्त्रक्रिया व औषधोपचार घेतले होते. मेलबर्नच्या ऑस्टिन रुग्णालयातील कर्करोग केंद्रासाठी निधी जमवण्यास ती झटली आणि ते केंद्र आज तिच्या नावाने ओळखले जाते. परंतु औषध घेऊन घरी परतल्यावर रात्र उरतेच. त्या रात्रीच्या भीतीवर डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. तेथे ओळखीचा आवाज सोबत करतो.

रोग पुन्हा उलटला आणि ८ ऑगस्ट २०२२ रोजी ती गेली. म्हणून ते गाणे वाया गेले, असे आम्हांस वाटत नाही. निदानानंतर ती तीस वर्षे जगली आणि भ्यालेल्यांसाठी गात राहिली. तिच्या इतिहासात ‘फिजिकल’च्या १० आठवड्यांबरोबर या तीस वर्षांचीही नोंद व्हावी.