तोडायची राहून गेलेली बाग : स्पेनच्या प्रिओरातची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात स्पेनमधून नाही, निफाड तालुक्यातून. मागच्या एप्रिलमध्ये आमची थॉम्पसनची बाग तोडली. अठरा वर्षांची होती. सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत सगळ्या वेली बांधावर! मी वर्क फ्रॉम होम घेऊन गेलो होतो, मीटिंग म्यूट करून खिडकीतून बघत बसलो. बाबा म्हणाले, "म्हातारी झाली होती रे, माल देईना."

आणि मग मला सापडला प्रिओरात. बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला, कातालुन्यातला डोंगराळ भाग. इथली रेड वाइन विकली जाते तीच मुळी वेलींच्या म्हातारपणावर. 2019 मध्ये तर त्यांनी नियमच केला : 'जुन्या वेली' असं लिहायचं तर वेल 75 वर्षांपुढची हवी किंवा 1945 च्या आधी लावलेली. आमच्या बागेचा तिथे बालवाडीतसुद्धा नंबर लागला नसता.

माझा प्रश्न साधा होता. या वेली तोडल्या का नाहीत?

वाइनवाले गोष्ट सांगतात ती साधूंची. बाराव्या शतकात कार्थुसियन पंथाचे साधू आले, त्यांनी 'स्काला देई' म्हणजे 'देवाची शिडी' नावाचा मठ बांधला, द्राक्षं लावली. मठाच्या प्रमुखाला म्हणायचं प्रायर, त्यावरून प्रिओरात. छान आहे, पण आजच्या वेली साधूंच्या नाहीत. 1835 च्या सुमाराला सरकारने मठांच्या मालमत्ता काढून घेतल्या, साधू गेले. आणि वेली खाल्ल्या फायलॉक्सेराने.

हा मुळांवर जगणारा, माव्यासारखा बारीक किडा, अमेरिकेतून युरोपात आलेला. 1860 च्या दशकात त्याने फ्रान्सच्या बागा बसवल्या. फ्रेंच व्यापारी माल शोधत स्पेनमध्ये आले, इकडे चांदी झाली. पण किडा काही सीमेवर थांबत नाही. 1890 च्या दशकात तो प्रिओरातमध्ये पोचला आणि डोंगरच्या डोंगर उघडे पडले.

उपाय एकच होता : खाली अमेरिकन खुंट, वर आपलं कलम. (आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात ना, तोही खुंट अमेरिकनच. फक्त आपण तो क्षार आणि पाणीटंचाईसाठी लावतो.) म्हणजे आज ज्यांना आपण शंभरीच्या वेली म्हणतो, त्या या उद्ध्वस्त लोकांनी पुन्हा लावलेल्या. उभ्या उतारावर, गार्नाचा आणि कारिन्येना या जातींच्या. माती म्हणजे 'यिकोरेया', पाटीच्या दगडाचा चुरा. मांडव नाही, वाय नाही. वेल जमिनीलगत झुडपासारखी. मशागत खेचराने. मूळ पाण्यासाठी फटीफटीतून खाली जातं, आणि एका वेलीला द्राक्षं मिळतात जेमतेम किलोभर. आमच्याकडे दहा-बारा किलो धरतात!

एवढ्यावर घर चालतं का? नाही चाललं. पोरं गिरण्यांसाठी, नोकऱ्यांसाठी रेउस, बार्सिलोनाला गेली. यादवी युद्धानंतर गावं आणखी रिकामी झाली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची द्राक्षं सहकारी संस्थेत जायची आणि वाइन सुटी, घाऊक विकली जायची. उतारावर ट्रॅक्टर चढत नव्हता, बाग तोडून नवीन लावायला पैसा नव्हता. ज्या टिकल्या त्या वेली कुणी प्रेमाने जपल्या म्हणून टिकल्या, असं मला तरी वाटत नाही. त्या तोडायच्या राहून गेल्या.

मग 1989. ग्रातालोप्स नावाच्या छोट्या गावात रने बार्बियेभोवती जमलेल्या पाच जणांनी एकत्र वाइन केली आणि वेगवेगळ्या लेबलांखाली विकली. त्यातला आल्व्हारो पालासिओस पंचवीसचा होता, माझ्याहूनही लहान. गंमत म्हणजे यांचाही सगळा भरवसा जुन्या वेलींवर नव्हता. त्यांनी काबर्ने, सिरा अशा फ्रेंच जातीही लावल्या. पण 1993 मध्ये पालासिओसने एका उभ्या उतारावरच्या जुन्या गार्नाचाची 'ल्येर्मिता' काढली, आणि ती स्पेनच्या सगळ्यात महाग वाइन्समध्ये जाऊन बसली. 2009 मध्ये प्रिओरातच्या सर्वोच्च दर्जावर देशपातळीवरही शिक्कामोर्तब झालं. हा दर्जा तोवर फक्त रिओहाकडे होता.

लेबलवर या पाचांची नावं आहेत, आणि त्यांनी धाडस केलंच, त्याबद्दल वाद नाही. पण किड्याने सगळं खाल्ल्यावर त्याच दगडात पुन्हा कलमं लावणारा माणूस कोण होता? त्याच्या नातवाने ती जमीन भाव चढायच्या आधी विकली की नंतर? मी बरंच वाचलं, या लोकांवर दोन ओळींपेक्षा जास्त क्वचितच मिळालं.

आमची बाग ठेवायला हवी होती, असं मी म्हणत नाहीये. खायच्या द्राक्षाला मण्याचा आकार लागतो, टनेज लागतं. म्हाताऱ्या वेलीचा घट्ट रस तिथे कुणाला नको असतो. तरी हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वेलीला किलोभर? मग मजुरी कशी परवडते त्यांना?"

मी म्हणालो, "आत्ता परवडते. तेव्हा नव्हती परवडत."

"मग तेव्हा काय करायचे?"

"गाव सोडायचे."

"हं," म्हणाले, आणि नवीन बागेच्या ड्रिपचं बोलायला लागले.

भेटू पुढच्या भागात.